टिंबाएवढे शब्द

नागपूरच्या बेसा भागात मी ज्यांची वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते ते घरमालक दर रविवारी सकाळी गॅस बुक करायच्या नंबरवर फोन लावायचे. गॅस हवा असायचाच असं नाही. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागली की हे कान देऊन ऐकायचे, आणि ती ‘फॉर मराठी, प्रेस टू’ म्हणाली की डोळे मिटून मान हलवायचे. ‘‘बाई, फॉरवर एवढा जोर काहून देता? फॉर काय घरचा जावई आहे का?’’ असं तिला समजावून सांगायचे आणि फोन ठेवायचे. स्वयंपाकघरातून काकू विचारायच्या, ‘‘ती ऐकून राहिली का तुमचं?’’ काकांचं उत्तर ठरलेलं होतं. ऐकत नाही म्हणूनच दर रविवारी सांगावं लागतं.

काकांचा सिद्धान्त एका ओळीत सांगता येतो, पण ते स्वतः तो एका ओळीत कधीच सांगायचे नाहीत. इंग्रजीत मोठे शब्द बोलायचे आणि बारके गिळायचे. ऑफ, टू, फॉर, अँड, द, अ ही सगळी बारकी मंडळी. आपल्याला शाळेत ती एकेक सुटी करून ठणठणीत म्हणायला शिकवली, आणि तिथेच आपलं वाटोळं झालं, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा फाटकात उभं राहून ते दूधवाल्याला हे समजावून देत होते. ‘‘कप ऑफ टी नाही म्हणायचं गा. कपटी म्हण. मधात नुसता श्वास.’’ दूधवाल्याला वाटलं, हे आपल्यालाच कपटी म्हणून राहिले. त्याने पुढचे दोन दिवस माप काठोकाठ भरून दूध दिलं, आणि काकूंनी नवऱ्याच्या इंग्रजीबद्दल पहिल्यांदाच बरे शब्द काढले.

आता हा माणूस इंग्रजीचा प्राध्यापक असेल असं कोणालाही वाटेल. तसं काही नव्हतं. काका सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं स्टेनो होते. साहेब बोलणार, हे शॉर्टहँडमध्ये उतरवून घेणार, मग टाइप करून समोर ठेवणार. मिनिटाला एकशे चाळीस शब्दांचा त्यांचा वेग होता, आणि तो वेग पेन्शनमध्ये गेल्यावरही हातातून गेला नव्हता. टीव्हीवर बातम्या लागल्या की त्यांचं उजवं बोट आपोआप सोफ्याच्या हातावर चालायला लागायचं. कोणी भेटायला आलं आणि जरा लांबण लावून बोलायला लागलं की बोट मांडीवर सुरू. पाहुण्याला वाटायचं, काकांना काहीतरी खाजतंय.

सिद्धान्त त्यांना सापडला तो विलायतेत शिकून आलेल्या एका साहेबामुळे. तोवरचे साहेब आपल्यासारखं इंग्रजी बोलायचे, शब्दाला शब्द. हा साहेब मात्र असं काही बोलायचा की काकांना चार शब्द ऐकू यायचे आणि मधले सहा हवेत जायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन पत्रं चुकवली, आणि साहेबाने दुसरा स्टेनो मागवायची भाषा सुरू केली. घाबरून एका दुपारी काकांनी आपली वही नीट न्याहाळली. शॉर्टहँडमध्ये ऑफ, टू, द हे शब्द पुरे लिहीतच नाहीत. कुणाला एक टिंब, कुणाला एक बारीकशी रेघ, आणि पेन पुढे. ‘‘तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला,’’ काका सांगायचे. ‘‘मी ज्याचं टिंब काढत होतो, साहेब तेवढंच टिंब तोंडानं काढत होता. मी बावळट, टिंबात पुरा शब्द शोधून राहिलो होतो.’’ ही गोष्ट मी त्यांच्याकडून निदान वीस वेळा ऐकली असेल. दर वेळी साहेबाचं शिक्षण थोडं वाढायचं.

त्यांचा एक उपसिद्धान्तही होता. नागपूरचा माणूस इंग्रजीला जन्मापासूनच लायक असतो. ‘‘आपण जाऊन राहिलो म्हणतो का? जाऊरायलो म्हणतो. करूरायलो, खाऊरायलो. मधला न कुठं गेला? गिळला. हेच तर इंग्रजी.’’ पुण्याचा माणूस अक्षर न् अक्षर धुऊन पुसून मांडतो, म्हणून त्याला ही भाषा कधीच यायची नाही, असा त्याचा उत्तरार्ध. त्यांचा सख्खा जावई पुण्याचा होता. तो दिवाळीला आला की हा उत्तरार्ध हमखास जेवणाच्या पाटावर यायचा, आणि काकू मुद्दाम जावयाला जास्तीची पुरणपोळी वाढायच्या.

मी धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. काका मला ‘सिस्टर’ म्हणायचे, काकू ‘बाई’ म्हणायच्या, आणि दोघांचं भांडण असलं की दोघंही मला ‘पोरी’ म्हणून आपापल्या बाजूला ओढायचे. काकू हिंगणघाटकडच्या. त्यांच्या बोलण्यात बारका शब्द असा नव्हताच, साधं ‘हो’सुद्धा त्या दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असं म्हणायच्या.

मला आयर्लंडला जायचं होतं. तिथल्या एका वृद्धाश्रमाने मला नोकरी देऊ केली होती, फक्त इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्यात नऊपैकी सात गुण हवे होते. काहून जायचं, असं लोक विचारायचे. आमच्या गावाहून मी नागपूरला आले तेव्हाही हेच विचारलं होतं. मला जायचं होतं म्हणून जायचं होतं. सहा वर्षं मी त्याच दोन मजल्यांवर सलाइनच्या बाटल्या बदलत होते. जगात आणखीही मजले आहेत एवढं मला माहीत होतं, आणि ते बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. पोरगी परदेशी चालली, असं बाबांनी गावातल्या पानठेल्यावर केव्हाच जाहीर करून टाकलं होतं. त्यांचा दर दोन दिवसांनी फोन यायचा, ‘‘जमन का वं माय?’’

पहिल्या खेपेला जमलं नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं या सगळ्यांत पास आणि बोलण्यात सहा. मी खोलीचं दार लावून रडले, मग तोंड धुऊन खाली आले. काकांनी मला परीक्षेतलं माझं उत्तर जसंच्या तसं म्हणायला लावलं. मी म्हटलं. त्यांनी बोट चालवून ते मांडीवर उतरवून घेतलं आणि म्हणाले, ‘‘सिस्टर, तू बोलून नाही राहिली. तू हजेरी घेऊन राहिली. ऑफ, प्रेझेंट. टू, प्रेझेंट. द, प्रेझेंट.’’

वृद्धाश्रमाने एक संधी दिली. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत सात गुणांचा निकाल पाठवला तर ठीक, नाहीतर ती जागा दुसऱ्या कोणालातरी जाणार. मी परीक्षेचा दुसरा फॉर्म भरला आणि काकांनी मला जिन्यावर चढवलं.

वरच्या खोलीला बाहेरून लोखंडी जिना होता, पंधरा पायऱ्यांचा. नियम असा, की पाय पायरीवर टेकेल तेव्हा मोठा शब्द, आणि पाय हवेत असेल तेवढ्यात सगळे बारके उरकायचे. मधे एक बारका असो की चार, पाय थांबता कामा नये. ‘द पेशंट इज टु टेक द टॅब्लेट ॲट द एंड ऑफ द मील.’ पेशंट, टेक, टॅब्लेट, एंड, मील, अशा पाच पायऱ्या. खाली काका खुर्ची टाकून बसायचे आणि एखादा ‘ऑफ’ पायरीवर पडला की चपलेने जमिनीवर आपटून मला खाली बोलवायचे. बारा तासांची ड्यूटी करून, पाठीला सॅक, हातात डबा, आणि मी आपल्याच खोलीत पोचायला दहादा खालीवर करते आहे. शेजारच्या बाईंनी काकूंना विचारलं, ‘‘कायचं व्रत आहे वं तिचं?’’ काकू म्हणाल्या, ‘‘परदेशी जायचं.’’ दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या बाईसुद्धा त्यांच्या जिन्यावर काहीतरी पुटपुटत चढायला लागल्या. त्या काय म्हणत होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.

कधी काका पेशंट व्हायचे. ओसरीतल्या दिवाणावर आडवे होऊन ते विलायती आजार सांगायचे आणि मी इंग्रजीत धीर द्यायचा. एकदा ते छातीवर हात ठेवून इतकं अस्सल गिळून बोलले की ‘पेन’ आणि ‘चेस्ट’ एवढे दोनच शब्द बाहेर आले. काकू भाजीची टोपली घेऊन चालल्या होत्या. न थांबता म्हणाल्या, ‘‘पोह्यानं झालं असन. दोनदा घेतले.’’ काका उठून बसले आणि म्हणाले, की पेशंटच्या नातेवाइकांना आधी बाहेर काढायला शिक, सिस्टर.

एवढं सगळं करून माझं बोलणं खरंच सुधारलं. दवाखान्यात दिल्लीहून एक डॉक्टर आले होते, त्यांनी मला विचारलं की तू कुठल्या कॉन्व्हेंटची. मी म्हटलं, बेशाच्या. काकांना मात्र एक गोष्ट डाचत होती. आपली विद्यार्थिनी ज्या खोलीत सहावर अडकली, त्या खोलीत नेमकं काय होतं? मी सांगून सांगून थकले, की एक बाई असते, एक टेबल असतं, ती विचारते, आपण बोलायचं. काका म्हणायचे, ‘‘ते तुझं ऐकणं झालं. मला ऐकीव गोष्टीवर भरवसा नाही.’’ चौतीस वर्षं दुसऱ्याचं ऐकूनच ज्यांनी पगार घेतला, त्या माणसाचं हे बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्रावर पोचले तर रांगेत माझ्या पुढे सहा माणसं सोडून एक पिस्ता रंगाचा सफारी उभा. खिशात टोक काढलेल्या चार पेन्सिली. मी रांग सोडून पुढे गेले आणि विचारलं, ‘‘काका, तुम्ही इथं काहून?’’

त्यांनी समोर बघत, ओठ न हलवता सांगितलं, ‘‘जागेवर जा. मी तुला ओळखत नाही.’’

एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी परीक्षेचा फॉर्म भरला होता. वयाची अट नाही हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. काकूंना सांगितलं होतं की पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला चाललो. बाकीची मुलंमुली त्यांना कोणाचेतरी वडील समजून बाकावर जागा देत होती आणि ते ती नाकारत होते. मला हसू आवरेना. त्या हसण्यातच माझी भीती गेली, आणि माझी बोलण्याची परीक्षा अशी झाली की बाहेर आल्यावर मला आपण काय बोललो ते आठवेना, फक्त चालत गेल्यासारखं वाटलं.

काका बाहेर आले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही त्यांनी गॅसवाल्या बाईला फोन लावला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी भाकरी थापता थापता त्यांच्याकडून काढून घेतलं, आणि मी तिथेच पाटावर बसले होते.

‘‘नाव विचारलं, सांगितलं,’’ काका म्हणाले. ‘‘गाव विचारलं, सांगितलं. मग तिनं कागद न् पेन्सिल हातात दिली. म्हणाली, एक मिनिट तयारी करा, मग या विषयावर दोन मिनिटं बोला.’’

‘‘मंग?’’

‘‘ती बोलून राहिली होती. माझ्या हातात पेन्सिल होती.’’ काकांनी आपल्या हाताकडे असं पाहिलं जसं तो शेजाऱ्याचा असावा. ‘‘मी उतरवून घेतलं.’’

‘‘काय उतरवून घेतलं?’’ मी विचारलं.

‘‘ती बोलली ते. मग ती म्हणाली, आता बोला. मी वाचून दाखवलं.’’

‘‘तिचंच?’’

‘‘पहिल्यापासून. शब्द न् शब्द. ती मधात खोकलली होती, तेही कंसात घेतलं होतं.’’

मी आणि काकू इतक्या हसलो की भाकरी करपली. त्या बाईने म्हणे त्यांना तीनदा सांगितलं, की सर, तुमचं तुम्ही सांगा, आणि काकांनी तीनही वेळा ते लिहून घेऊन वाचून दाखवलं. चौतीस वर्षांत समोरचा माणूस इंग्रजीत बोलत असताना त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. हातात पेन्सिल आली की तोंड बंद आणि कान सुरू, अशी त्यांच्या शरीराची घडणच होऊन बसली होती. आम्ही हसतो आहोत आणि काका हसत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

निकालाच्या दिवशी माझं हसू जिरलं. निकाल आला नाही. त्याऐवजी मेल आला, की तुमचा निकाल चौकशीसाठी रोखून धरला आहे. काकांनाही तोच मेल. कारणं शिस्तीत एकाखाली एक लिहिली होती. एका उमेदवाराने ऐकण्याच्या परीक्षेची पूर्ण वही आणि बोलण्याच्या परीक्षेचा कागद सांकेतिक खुणांनी भरला आहे. दुसऱ्या उमेदवाराचा पत्ता तोच आहे. रांगेत दोघे एकमेकांशी कुजबुजताना कॅमेऱ्यात दिसतात. त्याच दिवशी केंद्रावर विचारल्यावर पहिल्या उमेदवाराने दुसरीला ओळखत नसल्याचं सांगितलं. तेव्हा बुधवारी सुनावणीला हजर राहावं.

शुक्रवार ही माझी शेवटची तारीख होती. मी मेल हातात घेऊन खाली गेले आणि काकांना जे बोलले ते आज लिहितानाही मला लाज वाटते. तुम्हाला कोणी बोलावलं होतं तिथे, म्हटलं. तुमच्या टिंबांपायी माझा जन्म गेला, म्हटलं. काका ऐकत बसले. त्यांचं बोट मांडीवर चालत नव्हतं. काकूंनी एरवी मला फटकारलं असतं, पण त्यांनीही नवऱ्याची बाजू घेतली नाही. मी जिना चढून वर आले, धडाधड, नुसत्या पायऱ्या.

काकांनी स्पष्टीकरणाचं पत्र तयार केलं. चार पानं, टाइप केलेली, समास सोडून, असं देखणं इंग्रजी की वाचून माझाही राग अर्धा झाला. ते पत्र परत आलं. लेखी खुलासा चालणार नाही, समक्ष येऊन बोला. संध्याकाळी काका पहिल्यांदा माझ्या खोलीत आले आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, ‘‘सिस्टर, तुला एक सांगतो. मी आयुष्यात कोणत्या साहेबापुढं येस सरच्या पुढं इंग्रजी बोललेलो नाही.’’

‘‘मग एवढे दिवस मला काय शिकवलं?’’

‘‘जे ऐकलं ते,’’ ते म्हणाले आणि कठड्याला धरून खाली उतरले.

रामदासपेठेतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुनावणी होती. काकूही आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण नवऱ्याला एकटं पाठवलं की तो हयातीचा दाखला म्हणून कुठेही जातो हे त्यांना आता कळलं होतं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यात दिल्लीच्या एक मॅडम होत्या, चष्मा, मोकळे केस, कामाचा चेहरा. शेजारी केंद्राचा टाय घातलेला माणूस. मला सांगण्यात आलं की मी बोलायचं नाही. मॅडमनी काकांचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि भराभर इंग्रजीत विचारलं, हे काय आहे, ही मुलगी कोण, तुमचं तिच्याशी काय ठरलं होतं. शेवटी म्हणाल्या, ‘इन युवर ओन वर्ड्स, प्लीज.’ तुमच्या स्वतःच्या शब्दांत.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचं बोट मांडीवर चालायला लागलं होतं. मॅडमचं बोलणं उतरवून घेणं सुरू होतं. आता हे डोकं वर करणार आणि मॅडमना मॅडमचेच प्रश्न वाचून दाखवणार, आणि माझं आयर्लंड इथे तिसऱ्या मजल्यावरच संपणार. मला ओरडावंसं वाटलं, पण मला बोलायची परवानगी नव्हती.

काकूंना कोणी परवानगी विचारलीच नव्हती. त्यांनी हात पुढे केला, काकांचं ते चालणारं बोट मुठीत पकडलं आणि तसंच धरून ठेवलं. ‘‘आता लिहू नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बोला.’’

काका बोलले. ‘मॅडम. धिस. गर्ल. इज. अ. नर्स.’ एकेक शब्द सुटा, ठणठणीत, अंगणात पाट मांडावेत तसा. ‘शी. हॅज. डन. नथिंग. द. मिस्टेक. इज. ऑफ. माइन.’ द पुरा, ऑफ पुरा, इज पुरा, एकही शब्द गिळला नाही. मला जिन्यावरून दहादा खाली बोलवणारा माणूस पहिलीतल्या मुलासारखं इंग्रजी बोलत होता आणि घामाने त्याच्या सफारीची पाठ ओली झाली होती. आपण स्टेनो होतो, हे त्यांनी सांगितलं. चौतीस वर्षं लोक बोलले आणि मी लिहिलं. मला कोणी बोला म्हटलं नाही. त्या दिवशी परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा कोणीतरी बोला म्हटलं, आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून मी तिचंच तिला दिलं. या मुलीकडे मात्र आहे. तिचा निकाल द्या. ‘माय. रिझल्ट. यू. कीप.’

दिल्लीच्या मॅडमनी काकांना लिहून घ्यायची खूण केली, समोरचा कुठलासा कागद उचलला आणि तो झरझर वाचायला सुरुवात केली, मधे न थांबता. काकूंनी मूठ सोडली. टायवाल्याने कागद दिला, काकांनी लिहिलं. वाचून दाखवा म्हटल्यावर काकांनी वाचून दाखवलं, स्वल्पविरामासकट. मजकूर संपल्यावर त्याच सुरात हिंदीतले दोन शब्द आले, ‘चाय, मॅडम?’ आणि त्याला मॅडमनी दिलेलं उत्तर, ‘बाद में.’ मॅडमनी वळून मागे कोणाकडे तरी पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. म्हणाल्या, निकाल आजच सोडते.

परतताना आम्ही तिघं रिक्षात बसलो, मधे मी. मानेवाडा चौकाच्या सिग्नलला माझा मोबाइल वाजला. बोलणे, सात. मी तो आकडा तीनदा वाचला, मग काकूंना दाखवला, मग काकांना दाखवला, आणि मग त्या दोघांच्या मधे बसून मी असं भोकाड पसरलं की रिक्षावाल्याने विचारलं, कोणी गेलं काय. काकू म्हणाल्या, हो, जाऊन राहिली. रडत रडतच बाबांना फोन लावला. काकूंनीच फोन घेऊन ‘‘जमलं’’ म्हटलं, ते बाबांना फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

काकांचाही निकाल आला असणार. त्यांनी फोन खिशातून काढला नाही. मी त्यांच्या पाया पडायचं म्हटलं तर रिक्षात वाकता येईना, म्हणून त्यांचा हात धरला आणि माझ्या बोलण्याची माफी मागितली. ते भलत्याच कारणाने खजील होते.

‘‘तू ऐकलंस ना सिस्टर?’’ ते खालच्या आवाजात म्हणाले. ‘‘ऑफवर जोर दिला मी. दवर दिला. एक शब्द म्हणून गिळला नाही. एवढ्या वर्षांची विद्या, आणि ऐन वेळेला सगळी मातीत घातली. बेशात कोणाले सांगू नको.’’

मी काही बोलणार तोच पलीकडून काकू बोलल्या. या वेळी त्या हळू बोलल्या, रिक्षाच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल इतकं.

‘‘गप्प बसा तुमी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लग्नाले बेचाळीस वर्षं झाले. तुमाले काय म्हणायचं आहे ते मले आज पयल्यांदा समजलं.’’